‘गाडी’ या शब्दाचा खुलासा होऊन फाटक उघडणेबाबत

प्रति,
मा. मुख्य अभियंता (स्थळनिवड),
विद्युत मोटार जलद चार्जिंग विभाग,
मुख्य कार्यालय, दुसरा मजला.

विषय: रेल्वे फाटकावरील जलद चार्जिंग केंद्र योग्य ठिकाणी हलवणेबाबत, आणि ते हलेपर्यंत फाटक उघडावे की बंद ठेवावे, हे कळवणेबाबत.

संदर्भ: १) फाटक बंद ठेवावे, असे आपले पत्र.
२) फाटक बंद का ठेवले, अशी रेल्वेची नोटीस.
(दोन्ही लागोपाठच्या टपालाने मिळाली.)

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर की, अर्जदार हा गावाबाहेरच्या रेल्वे फाटकावर गेटमन असून, गाडी येण्याआधी चाक फिरवून फाटक पाडणे व गाडी गेल्यावर ते वर करणे, एवढेच त्याचे काम आहे. चार्जिंग केंद्र सुरू होईपर्यंत त्याच्याविरुद्ध तक्रार एकच होती. ती त्याच्या पत्नीची होती, की या माणसाला घरातले दारसुद्धा कुणी येत-जात नसताना उघडे बघवत नाही.

१. आपल्या विभागाचे एक तरुण इंजिनियर सर्वेक्षणासाठी फाटकावर आले. ते अर्जदाराच्या स्टुलावर बसले व अर्जदाराने उभे राहून उत्तरे दिली. “काका, इथं गाड्या थांबतात का?” “थांबतात की.” “किती वेळ?” “गाडी जाईपर्यंत.” “स्वतःहून थांबतात, की कुणी सांगावं लागतं?” “फाटक पडलेलं दिसतं ना साहेब. सांगायचं कशाला?” यावर साहेबांनी ‘वाहनचालक या ठिकाणी स्वेच्छेने व दीर्घकाळ थांबतात’ अशी नोंद केली, अर्जदाराचे स्टूल चांगले असल्याचे सांगितले आणि ते निघून गेले.

२. आपल्या परिपत्रकाप्रमाणे चार्जिंगची जागा रस्त्याला लागून असावी, चालकाला तिथे नाहीतरी थांबायचेच असावे, वीज जवळ असावी, रात्रंदिवस राखण असावी, बसायला सावली आणि जवळ स्वच्छतागृह असावे. अर्जदाराचे फाटक या सगळ्या कसोट्यांना उतरले. वीज रेल्वेची, सावली झाडाची, राखण अर्जदाराची आणि स्वच्छतागृह अर्जदाराच्या पत्नीचे. शंभरपैकी अठ्ठ्याण्णव गुण मिळवून फाटक पहिले आले आणि त्याला लागूनच चार्जिंगचा खांब उभा राहिला. दोन गुण कापले गेले ते ‘परिसरात मनोरंजनाची सोय नाही’ म्हणून. ती उणीव आता भरून निघाली असून रोज दोन्ही बाजूंनी माणसे गंमत पाहायला जमतात. रस्ता एकाच गाडीच्या रुंदीचा आहे, या गोष्टीला मात्र गुणांच्या तक्त्यात रकाना नव्हता. त्यामुळे पहिली गाडी खांबाला जोडली की मागच्या सगळ्या तिच्या नशिबाला जोडल्या जातात.

३. आता आगगाडी निघून जाते, फाटक वर होते, तरी मोटार हलत नाही. पुढून आवाज येतो, “काका, पन्नासच टक्के झालंय, पाडा ना परत.” मागून आवाज येतो, “काका, उघडलंय तर सोडा ना पुढं.” दोन्हीकडून काका अर्जदारच. लोक हल्ली रेल्वेचे वेळापत्रक पाहून चार्जिंगला येतात. लांबलचक मालगाडी आली की चेहरे खुलतात. एक्स्प्रेस आली की “एवढ्यात गेली पण?” म्हणून अर्जदाराकडे असे बघतात, जणू यानेच मागून ढकलली. एक सद्गृहस्थ रोज पहाटे, रांग लागण्याआधी येतात, चार्जिंग करतात आणि आल्या वाटेने परत जातात. परवा त्यांनी विचारले, “पलीकडे काय आहे हो?”

अर्जदाराची पत्नी आधी पाणी देत असे, मग चहा देऊ लागली, हल्ली ती रांग लावते. “तुमचं फाटक निदान कधीतरी उघडतं,” ती म्हणते. “आपल्या संडासाचं दार सकाळपासून बंद आहे, आणि आत कोण बसलंय तेही मला ठाऊक नाही.”

४. ही अडचण अर्जदाराने आपल्या विभागास कळवली. उत्तर आले ते संदर्भ क्रमांक एक. अर्जदाराच्या खोलीत रेल्वेची जुनी पाटी आहे: ‘गाडी पूर्णपणे गेल्याशिवाय फाटक उघडू नये.’ आपल्या इंजिनियरसाहेबांनी त्या पाटीचा फोटो जोडून कळवले की, मोटार हीसुद्धा गाडीच आहे. जिचे चार्जिंग अपुरे आहे ती गाडी पूर्णपणे गेली असे म्हणता येणार नाही. सबब रेल्वेच्याच नियमाप्रमाणे फाटक बंद ठेवावे. कोणती गाडी हे पाटीवर लिहिलेले नाही, हे खरेच आहे. पाटी रंगवणाऱ्याला ती शंका आली नसावी. अर्जदाराने आज्ञा पाळली. लगेच संदर्भ क्रमांक दोन: ‘गाडी गेल्यावरही फाटक बंद ठेवल्याबद्दल आपणास निलंबित का करू नये?’

म्हणजे उघडले तर सार्वजनिक सुविधेत अडथळा, आणि बंद ठेवले तर कर्तव्यात कसूर. इकडे आड, तिकडे विहीर, असे म्हणतात. अर्जदाराच्या बाबतीत मध्ये वायरही आहे.

५. यात एक गोष्ट हसण्यासारखी नाही. गेल्या आठवड्यात रांगेत ॲम्ब्युलन्स अडकली. आत एक म्हातारी आजी श्वासासाठी धडपडत होती आणि तिचा मुलगा रस्त्यावर उतरून दिसेल त्याला हात जोडत होता. पुढची मोटार खांबाला जोडलेली, आणि तिचा मालक किल्ली खिशात टाकून अर्जदाराच्या स्वयंपाकघरात चहा पीत बसलेला. “कप तरी संपवू द्या,” तो म्हणाला. अर्जदाराने त्याला बखोटीला धरून कपासकट बाहेर आणला. आजी वाचली. उद्धट वर्तनाबद्दल आपल्या विभागाने अर्जदाराकडून खुलासा मागवला आहे. तो असा, की पुन्हा तसा प्रसंग आला तर अर्जदार पुन्हा तसेच वागेल.

६. इतके होऊनही आपले केंद्र ‘आदर्श’ ठरल्याचे कळते. मोटारी फाटकापाशी थांबतात, हे सिद्ध झाल्याने, जिथे रूळ नाहीत तिथेही फाटके बसवावीत, असा प्रस्ताव असल्याचे इंजिनियरसाहेब सांगत होते. त्या फाटकांवरच्या माणसांना अर्जदाराने शिकवावे, असेही ते म्हणाले. अर्जदाराने विचारले, “रूळच नाहीत तर फाटक उघडायचं कधी?” ते म्हणाले, “काका, तुम्ही फार पुढचा विचार करता.”

७. माणसे थांबतात ती जागा वेगळी आणि माणसांना थांबवले जाते ती जागा वेगळी, एवढेच अर्जदारास नम्रपणे सुचवायचे आहे. थांबण्याची उत्तम जागा आपल्याच विभागाकडे आहे. आपल्या कार्यालयाचे आवार ऐसपैस असून आत यायला एक आणि बाहेर जायला एक अशी दोन दारे आहेत. वीज आहे, झाडे आहेत, कँटीन आहे, स्वच्छतागृह तर मजल्यागणिक आहे. आणि तिथे एका सहीसाठी आलेला माणूस अर्धा दिवस हलत नाही. त्यामुळे जलद चार्जिंगचीही गरज नाही, साधे पुरेल.

८. हा अर्ज टपालाने न पाठवता समक्ष देण्याचे कारण असे. आज ‘आदर्श’ केंद्राची पाहणी करण्यास आपण स्वतः आला आहात आणि बॅटरी तळाला गेल्याने आपली मोटार फाटकापुढे पहिली, खांबाला जोडून उभी आहे. अर्जदाराची चौकशी करण्यास रेल्वेचे साहेबही आजच आले असून त्यांची जीप बरोबर आपल्या मागे आहे. मालगाडी केव्हाच गेली. आपण काचेतून पंजा दाखवून ‘थांब’ म्हणत आहात. रेल्वेचे साहेब जीपबाहेर येऊन दोन्ही हातांनी ‘उघड’ म्हणत आहेत. अर्जदार चाकापाशी उभा राहून, चाकावरच कागद ठेवून हा अर्ज लिहीत आहे. अक्षराबद्दल क्षमा असावी.

अर्जदाराची नोकरी आज या चाकावर आहे. तरी कृपा करून या अर्जाच्या पाठीवर ‘उघड’ किंवा ‘बंद’ यांपैकी एकच शब्द लिहून खाली सही करावी. ‘योग्य ती कार्यवाही करावी’ असे लिहू नये, कारण चाकाला दोनच दिशा आहेत. आपली सही झाली की कागद मागच्या जीपमध्ये नेला जाईल. तिथेही सही मिळाल्यास अर्जदार आज्ञेप्रमाणे वागेल. दोन सह्यांखाली दोन वेगळे शब्द आल्यास, दोन्ही साहेबांनी खाली उतरून चाक एक-एक बाजूने धरावे. जिकडे फिरेल तिकडे अर्जदाराची हरकत नाही.

आपला नम्र, व या क्षणी आपल्या गाडीच्या काचेवर टकटक करीत असलेला,

(सही)
गेटमन

दिनांक: आजचा
वेळ: मालगाडी गेल्यानंतरची

प्रत माहितीसाठी: मा. रेल्वे अधिकारी, मागची जीप.

सोबत:
१) संदर्भातील दोन्ही पत्रे.
२) पाटीचा फोटो.
३) पेन, एक. (सहीनंतर मागच्या साहेबांना द्यावे लागणार असल्याने खिशाला लावू नये.)