अकराव्या बॅचच्या दोन बाटल्या

४ मे, रविवार
बॅच ११, गव्हाची बिअर. पाचवा दिवस. स्टाउट करपली होती, पेल एल इतकी कडू झाली की दोस्त सलीम म्हणाला, “मियाँ, ये काढा है.” गव्हाची मात्र हाताला लागतेय. दहाव्या बॅचला केळ्याचा वास फार होता, म्हणून ही गार ठेवतोय. बादली टबात, टबात बर्फाची लादी, वर ओलं पोतं. गच्चीवरच्या खोलीत बाहेरून आलं की डोळ्यांपुढे अंधारी येते इतकं ऊन.
बाबा वर आले. बादलीकडे बघून म्हणाले, “कॉलेज तिसऱ्या वर्षात सोडलंस. हे कितव्यात सोडणार?” ते गेल्यावर हात आपटला. हातात गोडी मोजायची काचेची नळी होती, हे नंतर कळलं. फुटली. अंबरपेठेत मिळत नाही, मागवली तर दहा दिवस. आता बुडबुडे थांबले की झाली, एवढाच भरोसा.

६ मे, मंगळवार
बुडबुडे बंद. पूर्ण. वीस मिनिटं घड्याळ लावून बसलो, एकही नाही. म्हणजे झाली.
मृ. आली क्लास आटोपून, नेहमीसारखी घरी न सांगता. घोट घेतला, डोळे मिटले. ती डोळे मिटते तेव्हा मी बिअरकडे बघत नाही, हे तिला माहीत नसावं.
“अजून गोड आहे रे. संपलेलं नाही.”
“बुडबुडे बंद आहेत.”
“बर्फात बसवलंयस, यीस्ट झोपलं असेल. दोन दिवस बाहेर ठेव.”
“तुम्ही पुण्याचे लोक आमटीत गूळ घालता. तुला काय गोड कळणार?”
“म्हणून तर कळतं.”
हसायला हवं होतं. हसलो नाही. यीस्टबद्दल तिला मीच शिकवलं मागच्या वर्षी.

७ मे, बुधवार
सकाळीच भरली. चोवीस बाटल्या, प्रत्येकीत फेसासाठी मोजून साखर, झाकणं ठोकली. तळहाताला फोड.
दोन घेऊन नारायणगुड्याला गेलो, तिच्या क्लासखाली. म्हटलं, “दहा दिवसांनी उघड, मग बोल.” तिने दोन्ही दुपट्ट्यात गुंडाळल्या. म्हणाली, “मला वाटलं, सॉरी म्हणायला आलास.”
तिथे गप्प बसलो असतो तर. पण नाही. म्हणालो, “तू येतेस ती फुकट प्यायला. बाकी तुला माझ्याशी काय घेणंदेणं.”
रिक्षावाले बघत होते. तिने स्कूटीला किल्ली लावली.
संध्याकाळी फोटो आला. तिचं कपाट, स्वेटरांच्या मागे माझ्या बाटल्या. खाली, “ठेवल्यात. आता परत बोलू नकोस.” उत्तर लिहीपर्यंत ब्लॉक.

९ मे
मृ. आज पुण्याला गेली, मावसबहिणीचं लग्न. १७ च्या रात्री परत. कुणी सांगितलं नाही, मला पाठ होतं.

११ मे, रविवार
दुपारी बाराला आवाज. बाबा खालून ओरडले, “ट्रान्स्फॉर्मर उडाला वाटतं!” वर पळालो. ट्रान्स्फॉर्मर नाही. क्रेटमधली एक बाटली नव्हतीच, तिच्या जागी फेस. काचेचा बोटाएवढा तुकडा दाराच्या लाकडात रुतलेला, माझ्या कमरेच्या उंचीवर.
आई दहा मिनिटांपूर्वी त्याच दारात कुरडया उलटत बसली होती.
सलीमला बोलावलं. क्रेट बघून तो दारातच थांबला. “हौला है क्या तू? बिअर बनाया कि बम?” हेल्मेट घातली, ओलं ब्लँकेट टाकलं, त्याच्याखाली हात घालून एकेक झाकण सैल केलं. फेस छताला. एकवीस. शेवटच्या चार सलीमने केल्या.
मृ. चं बरोबर होतं. यीस्ट झोपलं होतं. बाटलीत भरून मी त्याला या उन्हात जागं केलं, आणि उरलेली गोडी खाऊन त्याने आतच गॅस केला.
जमीन पुसताना सलीमने मोजलं. “एक फूटी, इक्कीस खोले. चोबीस थे ना?”

११ मे, पुन्हा
बाकीच्या दोन मृ. च्या कपाटात. तिच्या खोलीची भिंत पश्चिमेची आहे. उन्हाळ्यात कपाटातले कपडेसुद्धा गरम लागतात असं म्हणायची. आणि काकू, म्हणजे तिची आई, त्याच खोलीत ऑनलाइन गणित शिकवतात. टेबल कपाटाला लागून. मृ. ची नेहमीची तक्रार, “आईमुळे मला माझं कपाट उघडता येत नाही.”
सकाळी दहा ते एक. रोज.

१२ मे, सोमवार
सलीमच्या फोनवरून मृ. ला लावला. तिने उचलला. सलीम म्हणाला, “सुनो, वो बोतलां…” ती म्हणाली, “त्याचा निरोप असेल तर नको,” आणि कट. मग मेसेज केला, बाटल्या फुटतील, घरी सांग. वाचला. उत्तर, “मार्चमध्ये ॲक्सिडेंट झाला होता. आता बाटल्या फुटतायत. बस झालं म्हणावं.”
मार्चमध्ये ॲक्सिडेंट झाला नव्हता. ती भेटत नव्हती म्हणून सलीमकडून खोटं कळवलं होतं. ती उस्मानियाच्या रस्त्याने चपला हातात घेऊन धावत आली होती.
त्यानंतर सलीमचा नंबरही ब्लॉक.

१३ मे, मंगळवार
हिमायतनगर. तिच्या बिल्डिंगखाली साडेनऊ ते पावणेअकरा. वॉचमनने दोनदा विचारलं, कोण हवंय, “एवरु कावाली?” दोनदा सांगितलं, कुणी नाही.
वर जाऊन सांगायचं म्हणजे तिचं कपाट तिच्या आईसमोर उघडायचं. घरी माझं नावही माहीत नाही. तिच्या बाबांनी पुढच्या वर्षी एकटीला बंगळुरूला पाठवायचं जेमतेम कबूल केलंय. तेही जाईल, माझ्यामुळे.
वर दुसऱ्या मजल्यावर खिडकी उघडी होती. काकूंचा आवाज येत होता, “एक्सची किंमत आधी काढा, घाई नको.” ऐकत उभा राहिलो. मग परत आलो.
सलीमला सांगितलं. तो चहा पीत होता, कप ठेवला. “अम्माँ का मुँह कटेगा, फिर तू इज्जत संभालते बैठ.” शिवी घातली मी त्याला. त्याने कप उचलून चहा संपवला, ते जास्त लागलं.

१४ मे, बुधवार
अकराला बेल वाजवली. काकूंनी दार उघडलं, गळ्यात इयरफोन.
“कोण रे तू?”
एका दमात सांगितलं. खोलीतून बाहेर या, कपाटात दोन बाटल्या आहेत, फुटू शकतात.
“कसल्या बाटल्या?”
“बिअर. मी घरी केलेली. माझ्या आहेत. तिला माहीत नव्हतं, सरबत म्हणून दिल्या.”
काकूंनी माझ्याकडे नीट बघितलं. “माझी मुलगी सरबत दुपट्ट्यात गुंडाळून स्वेटरांमागे ठेवते?”
म्हणजे त्यांनी बघितल्या होत्या. लेकीने आपणहून सांगावं म्हणून हात लावला नव्हता, म्हणाल्या.
हेल्मेट घातलं. कपाट उघडलं. स्वेटर एकेक काढले, डाव्या हाताने. बाटल्या दुपट्ट्यासकट ओल्या चादरीत घेतल्या, बाथरूममध्ये उपड्या बादलीखाली धरून झाकण सैल केलं. पहिलीचा फेस बादलीला धडकला. दुसरीचं झाकण हातातून उडून नळावर आपटलं, टवका गेला.
बाहेर आलो तर काकू पॅसेजमध्ये उभ्या. पाण्याचा ग्लास दिला. बस म्हणाल्या. बसलो.
“हे कधीपासून माहीत होतं तुला?”
“रविवारपासून.”
“आज बुधवार आहे.”
आवाज चढला नाही. चढला असता तर मीही चढवला असता, मला ते येतं. हे येत नव्हतं. लॅपटॉपमधून पोरं “मॅडम, मॅडम” करत होती.
जाताना दारात म्हणाल्या, “ती शनिवारी रात्री येते. रविवारी अकराला तू ये. तिचे बाबाही असतील. सरबत नको. जे आहे ते.”

१६ मे
बाबांना सांगितलं. सगळं, दारात रुतलेल्या काचेसकट. वाटलं होतं, आता सुरू होतील. त्यांनी चष्मा काढून पुसला, म्हणाले, “मी येऊ का सोबत?”
नक्को म्हणालो. उगाच चढ्या आवाजात.

१७ मे, शनिवार
दुपारी अनोळखी नंबरवरून मृ. चा फोन. मागे सनई, कुणीतरी कुणाला “बॅगा मोजा” ओरडतंय.
“आईला काय सांगितलंस?”
“सरबत.”
मला वाटलं, हसतेय. हसत नव्हती.
“तुझ्या मेसेजवर मी विश्वास ठेवला नाही. आई तिथे बसली होती रोज.”
“तो माझा…”
“गप्प बस. उद्या बाबांना सगळं सांगणार?”
“सांगू का?”
“मला विचारू नकोस. मी हो म्हटलं तर माझ्यामुळे, नाही म्हटलं तर माझ्यामुळे. या वेळी तुझं तू.”
गाडी आली म्हणाली. कट.
उद्या अकरा. शर्ट इस्त्री करून खुर्चीवर टाकलाय. बाटल्यांत काय आहे हे मृ. ला माहीत होतं, असं सांगितलं तर खरं होईल आणि तिचं बंगळुरू जाईल. नाही सांगितलं तर काकूंसमोर बसून दुसऱ्यांदा सरबत.
तिच्या नंबरवरचा ब्लॉक निघाला की नाही, बघितलेलं नाही. बघितलं की त्यावरूनच ठरवेन, मला माझी खात्री आहे. म्हणून फोन बाबांकडे देऊन आलोय.