गाडी उभी, बॅटरी आडवी

४ मार्च, सोमवार

सहा महिने या वहीला हात लावला नाही, त्याबद्दल माझी मीच माफी मागतो. कारणं तीन होती. लिहायला घेतली तर मलाच पटेनात, म्हणून सोडून दिली.

आज लिहायला मात्र सबळ कारण आहे. सकाळी गाडी सुरू झाली नाही. किल्ली फिरवली की कट्कट्, मग तेही नाही. आणि आजच हिची मुलाखत होती. दुसऱ्या गावी एका निवासी शाळेत ग्रंथपालाची जागा आहे, राहायला खोली देतात. ही टॅक्सीने गेली. जाताना म्हणाली, "तू नको घाबरूस, मी पोचते."

मी घाबरलेलो नव्हतो.

निवड झाली तर पंचवीस तारखेपर्यंत होकार-नकार कळवायचा आहे. माझं प्रामाणिक मत: ही जाणार नाही. वीस वर्षांचा संसार कोणी पुस्तकांवर शिक्के मारायला सोडत नाही. हिचा राग आहे तो गाडीवर. गाडी नीट झाली की राग जाईल.

संकल्प: पंचविशीच्या आत दोष शोधणे. म्हणजे पंचवीस तारखेच्या. माझी पंचविशी उलटून जमाना झाला.

६ मार्च, बुधवार

गॅरेजवाला घरी येऊन बॅटरी बदलून गेला. म्हणाला, "साहेब, म्हातारी झाली होती. माणसाचंही तसंच असतं, चाळिशीनंतर चार्ज धरत नाही." आणि स्वतःच हसला, मग शिंकला. मी हसलो नाही. विषय बॅटरीचा होता.

हिला बातमी दिली. "बरं झालं," म्हणाली. राग निवळतोय.

९ मार्च, शनिवार

नवी बॅटरीही आडवी.

गॅरेजवाल्याला फोन केला. तो म्हणाला, "तुमची गाडी नुसती उभी असते हो. रोज वहिनींना घेऊन एक चक्कर मारत जा." मी म्हटलं, मला तांत्रिक कारण हवंय. तो म्हणाला, "मग चक्कर तांत्रिक मारा."

या लोकांना पद्धत म्हणून नाही. बॅटरी चार्जरला लावली. उद्यापासून तपास स्वतः करायचा. ऑफिसात मी इतरांच्या हिशेबातल्या चुका काढून पोट भरतो. घरच्या गाडीतली एक निघू नये?

१० मार्च, रविवार

मल्टिमीटर आणला. गाडी बंद केली तरी लगेच झोपत नाही, अर्धा तास आत काही ना काही जागं असतं. तोवर दाराला हात लावायचा नाही, मग किती करंट वाहतो ते मोजायचं. दोनदा चष्मा आत राहिला. दोनदा दार उघडलं. दोनदा गाडी जागी झाली.

तिसऱ्या वेळी रीडिंग आलं: ०.०३ अँपिअर. म्हणजे गाडी ठणठणीत. इतक्याशा करंटने बॅटरी महिनाभरही उतरू नये. म्हणजे चूक माझ्या मोजण्यात. पुन्हा मोजलं. तेवढंच. सगळे फ्यूज काढून पुन्हा बसवले. एक इंजिनात कुठेतरी पडला.

ही खाली पार्किंगमध्ये आली होती. म्हणाली, "सापडलं?"
म्हटलं, "सापडेल."
"नाही सापडलं तर?"
म्हटलं, प्रत्येक गोष्टीला कारण असतं.
"असतं ना," म्हणाली. थोडा वेळ उभी राहिली आणि वर गेली. आणखी काही बोलायचं असावं. पण माझ्या तोंडात टॉर्च होता.

१२ मार्च, मंगळवार

ड्रायव्हरची सीट पुन्हा पुढे सरकलेली. बसताना गुडघा आपटला. सीटखालची पट्टी झिजली असणार. या गाडीचं एकेक करत सगळंच ढिलं होत चाललंय.

सीटखाली कागदी रुमालांचे चुरगळलेले बोळे. गॅरेजवाल्याला सर्दी होती, ते आठवलं. निदान बोळे तरी टाकून जायचे होते माणसाने.

१४ मार्च, गुरुवार

आजचा प्रयोग: बॅटरीची केबलच काढून ठेवली. आता गाडीत कोणाला काही चालू करायचं म्हटलं तरी होणार नाही.

१६ मार्च, शनिवार

बॅटरी भरलेली. निष्कर्ष: केबल काढली की गळती थांबते. निष्कर्ष बिनचूक आहे. उपयोग काय, ते ठरायचंय.

हिची तब्येत बरी नाही. परवापासून डोकं दुखतंय. संध्याकाळी गच्चीच्या जिन्यात बसलेली दिसली. विचारलं, इथे काय करतेस? "बसलेय." म्हटलं, घरात सोफा आहे. "आहे ना," म्हणाली. पायरी थंड होती म्हणून मी उशी आणून दिली आणि पायरीवर बसल्याने डोकं का दुखतं तेही सांगितलं. ही उठून आत गेली. उशी तिथेच.

हॉस्टेलवरून मुलीचा फोन. "बाबा, काय चाललंय तिकडे?" मी पहिल्या दिवसापासून सगळं सांगितलं, अगदी ०.०३ पर्यंत. ती म्हणाली, "बाबा, मी आईचं विचारत होते."

आजकालच्या मुलांना प्रश्न नीट विचारता येत नाहीत.

१८ मार्च, सोमवार

केबल जोडली. सकाळी हिने आपणहून विचारलं, "गाडी जोडलीस का रे?" हो म्हटल्यावर चेहरा सैलावला. तपासात हिने पहिल्यांदाच रस घेतला. दिवसभर ऑफिसात शीळ घालत होतो. शेजारच्या टेबलावरचा म्हणाला, लॉटरी लागली का?

संध्याकाळी डोकेदुखीही गेलेली. दोन घटनांचा संबंध नाही, पण नोंद असावी.

२० मार्च, बुधवार

शाळेचा फोन आला. हिची निवड झाली. मी अभिनंदन केलं आणि म्हटलं, नाही म्हणायलाही मजा येईल.

बॅटरी पुन्हा आडवी. रात्रभर चार्जरवर ठेवायची. पाचच दिवस उरले. उद्या अर्धी रजा. मी सकाळी मोजतो, संध्याकाळी मोजतो. दुपारी कधीच मोजलेलं नाही. हे इतके दिवस कसं सुचलं नाही?

२१ मार्च, गुरुवार

सापडलं!

दुपारी पार्किंगमध्ये उतरलो तर गाडीतून घुंघुं आवाज. आतला दिवा चालू, किल्ली लावलेली, ब्लोअर पूर्ण वेगात. ड्रायव्हरच्या सीटवर ही. डोळे मिटलेले, गाल ओले. मी काचेवर टकटक केली. हिने काच खाली केली.

म्हटलं, "ब्लोअर? इंजिन बंद ठेवून?"
म्हणाली, "खाली कोंदट होतं."
"रोज?"
"रोज. दुपारी."

मी तिथेच हिशेब केला. दिवा किरकोळ, पण हा ब्लोअर तासा-दोन तासांत बॅटरीचा जीव काढतो. गाडी एरवी चालतच नाही, मग भरून निघणार कुठून? सगळं जुळलं. आनंदाच्या भरात हिला समजावूनही सांगितलं.

ऐकून घेतलं हिने. मग म्हणाली, "तुला एवढंच दिसलं?"

मी विचारलं, गाडीतच का? वर तीन खोल्या आहेत. म्हणाली, "वर मी काहीही म्हटलं की तू त्याचं कारण शोधतोस. रडले तरी शोधतोस. इथे कोणी शोधत नाही."

यावर बराच विचार केला. यामागचं कारण कळलं नाही.

२२ मार्च, शुक्रवार

रात्री झोप नव्हती. पण उपाय सापडला. हिला गाडीत बसायला आवडतं, तर बसू दे. सुखाने बसू दे! चार्जिंगचा छोटा पंखा आणला, चार्जिंगचा दिवाही. डॅशबोर्डवर दोन्ही चिकटवले. मानेला उशी. आता ही कितीही वेळ बसली तरी बॅटरीला धक्का नाही.

दाखवायला खाली नेलं. पंखा लावून दाखवला, तीन स्पीड आहेत. ही बघत राहिली. आधी हसू आलं हिला, मग डोळ्यांत पाणी. "तू ना, वाईट नाहीस रे," म्हणाली. "तेच तर अवघड आहे."

पंखा आवडला.

२४ मार्च, रविवार

एक दिवस आधीच हिने शाळेला कळवलं. हो म्हणून.

मी म्हटलं, पण गाडी तर दुरुस्त झाली. म्हणाली, "हो. झाली."

मुलीला फोन केला. तिला आधीच माहीत होतं. गॅरेजवाल्याला माहीत नसावं, पण खात्री देता येत नाही.

३० मार्च, शनिवार

हिला स्टेशनवर सोडलं. दोन बॅगा, पुस्तकांचं एक खोकं. गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली. इतकी छान ती नवी होती तेव्हाही सुरू होत नसे. वाटेत एकदा तरी बंद पडावी असं मनात आलं. लाज वाटली, पण आलं ते खरं. सगळे सिग्नल हिरवे.

हिने डॅशबोर्डवरचा पंखा सोडवून पर्समध्ये टाकला. चांगलं लक्षण आहे. जो कायमचा जातो तो पंखा कशाला नेईल? दिवा मात्र राहू दिला.

प्लॅटफॉर्मवर म्हणाली, "वेळेवर जेवत जा." म्हटलं, तूही. आगगाडी हलल्यावर आठवलं, आपण किती दिवसांसाठी हे विचारलंच नाही.

६ एप्रिल, शनिवार

बॅटरी १२.६ व्होल्ट. आठवडाभर तेवढीच. गळती पूर्ण थांबली. गॅरेजवाला भेटला. म्हणाला, "काय जादू केलीत साहेब?" म्हटलं, कारण सापडलं. "काय होतं?" म्हणाला. म्हटलं, फ्यूज.

संध्याकाळी हिचा फोन. आवाज मोकळा. खोली लहान आहे, खिडकीतून मैदान दिसतं, दाराला आतून कडी आहे. कडीचं दोनदा सांगितलं. मी विचारलं, कडी घट्ट बसते का? म्हणाली, "बसते रे." आणि मग आम्ही दोघंही थोडा वेळ काही बोललो नाही. फोन कट झाला नव्हता. मी काही शोधत नव्हतो.

नंतर सुचलं, गाडी हिला नेऊन द्यावी. बसायला होईल. परत येताना मी बसने येईन. हे हिच्यासाठी सुचलं की मला तिकडे जायला निमित्त म्हणून, ते जेवताना तपासून पाहिलं. ठरेना. हिला कडी पुरेशी आहे, अशीही एक शक्यता आहे. ती खोडून काढता आली नाही.

उद्या: तिकडे गाडी उभी करायला जागा आहे का, ते हिला विचारणे.