खालून आवळायचे सहा बोल्ट

४ फेब्रुवारी, मंगळवार
गिअरबॉक्समधला तेलाचा पंप फुटला! कन्व्हर्टरचं ते गोल धूड गिअरबॉक्समध्ये पुरतं बसलेलं नसताना दादाने गिअरबॉक्स इंजिनला भिडवला आणि बोल्ट आवळून आवळून ओढत राहिला. मी मागून घसा फोडून ओरडतेय — "थांब, अजून बोटभर बाहेर आहे!" पण धाकट्या बहिणीचं ऐकलं तर आभाळ कोसळेल ना! कडाड! आभाळ नाही, पंप.
मग टॅक्सीवाल्या बाईंसमोरच त्याची हजेरी घेतली. गाडी त्यांचीच. तेव्हापासून अबोला.

५ फेब्रुवारी, बुधवार
कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला सांगून टाकलं — सोमवारपासून कामाला येते. ही गाडी रस्त्याला लागली की दादाला सांगेन. गॅरेजच्या या एका छपराखाली दोघांनी खूप वर्षं काढली, आता पुरे! एकेकाळी नुसत्या आवाजावरून इंजिनाचा रोग सांगायचा. हल्ली गिऱ्हाईक आलं की "तू ऐक" — आणि साहेब चहाला.

६ फेब्रुवारी, गुरुवार
नवा पंप बसवला. टॅक्सीवाल्या बाई म्हणाल्या, "भांडा हो, पण माझ्या गाडीचा तेवढा बळी देऊ नका!"

७ फेब्रुवारी, शुक्रवार
कन्व्हर्टर आज मीच बसवला. दाबत, फिरवत, खट्... खट्... पार आत. गिअरबॉक्स नुसता ढकलून इंजिनला भिडला, आणि आत कन्व्हर्टर अजून हाताने मोकळा फिरतोय. असं बसायला हवं!
पुढचं काम म्हणजे कन्व्हर्टर सहा बोल्टांनी इंजिनच्या चकतीला जोडायचा; ते एकट्याने होत नाही, हीच पंचाईत. खालच्या झरोक्यातून एका वेळी एकाच बोल्टचं भोक दिसतं. मी गाडीखाली आडवी. दादाने पुढून पुलीला पाना लावून इंजिन फिरवायचं, भोक समोर आलं की मी "थांब" म्हणायचं. सहाही बोल्ट आधी हाताने धरवायचे, मगच आवळायचे. अबोल्यात करून दाखवा!
"थांब!" फिरवतोच आहे. "थांब रे!" भोक गेलं पुढे. तिसऱ्यांदा तर माझं बोट आत असताना फिरवलं. नख काळंनिळं! मग मी ज्या शिव्या दिल्या त्या इथेही लिहवत नाहीत. तरी ढिम्म! एवढी मगरुरी! रागाच्या भरात हातातला रॅचेट पाना गिअरबॉक्सवर दाणकन आपटला.
थांबला. जागच्या जागी.
पुन्हा फिरवायला लागला, मी पुन्हा ठोकलं. पुन्हा थांबला. दणका लोखंडातून थेट त्याच्या हातातल्या पान्यापर्यंत पोचत होता. सहाही बोल्ट असेच धरवले, मग दुसऱ्या फेरीत टॉर्क पान्याने 'टक्' होईपर्यंत आवळले. मी एक शब्द बोलले नाही.
बाहेर आले. तो पाठमोरा हात पुसत होता. मोठ्याने हाक मारली. मान वळली नाही.
भीती वाटली.

८ फेब्रुवारी, शनिवार
सर्व्हिस सेंटरला नाही म्हणून कळवलं.
गेल्या वर्षापासून ऐकू येणं कमी कमी होत गेलं, म्हणाला. समोरासमोर ओठांवरून भागवतो. वहिनीलाही सांगितलं नाही. "कानावर पोट आहे गं माझं. कुणाला सांगू?"
मी रडले. तोही.
मग विचारलं त्याने, "त्या दिवशी पंप फुटायच्या आधी खरंच ओरडली होतीस?"
त्याच्याकडे तोंड करून, सावकाश म्हटलं, "छे रे. मनातल्या मनात."