हळद निवडता निवडता

ती. आईस, पुण्याहून कोमलचा वाकून नमस्कार.

आई, नाचावं वाटून राहिलं! मनाच्या डॉक्टरांचं शिक्षण बदलायची बैठक होती. मी उभी राहून सांगितलं, मुक्या झालेल्या सुमनकाकूला आमच्या डोंगरकडा गावात माझ्या मायनं हळद निवडायला शेजारी बसवलं, तोंडाकडं न बघता बोलतं केलं. आमी डॉक्टर मात्र समोर बसवून प्रश्नांचा कागद वाचतो.

कुणी हसलं न्हाई! नव्या अभ्यासक्रमात आता महिनाभर गावात राहायचं. आधी हाताला काम, मग प्रश्न. पहिली पोरं तुझ्याकडंच येणारेत.

मी बराबर जेवते. बाबा वारल्यापासून तू फोनवर फक्त माझंच विचारतेस. तुझ्याशेजारी कोण बसतं गं?

रविवारी येते. दोन सुपं काढून ठेव. मी तोंडाकडं बघणार न्हाई.

तुझी लेक,
कोमल