पाणी भरायच्या दिवशीची न्हाणी

तात्या, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली आणि मी लिहायला बसलोय ते न्हाणीबद्दल. दुसरं कुणी असतं तर हसलं असतं. तुम्ही हसणार नाही. शनिवारी दुपारी शाळा सुटली की पगडी खुंटीला अडकवून आणि धोतर वर खोचून तुम्ही आपल्या कल्याणच्या घरातल्या न्हाणीत शिरायचात, ते दिवेलागणीच्या जरा आधी बाहेर यायचात. आई तिथल्या दगडावरून घसरून पडली आणि तिचा पाय कायमचा अधू झाला, तेव्हापासूनचा तुमचा हा नेम. आधी चुलीतली राख भुरभुरवून ती शेवाळात मुरू द्यायची, मग फुटक्या करवंटीने खरवडायचं, मग काथ्याने घासायचं आणि शेवटी चुलाणावरच्या हंड्यातलं कढत पाणी ओतायचं. मोरीच्या तोंडाशी अडकलेले केस आणि शिकेकाईचा चोथा तुम्ही सरळ हाताने काढायचात. पाट्या-वरवंट्याला टाकी लावणारी बाई दारावर आली की तिच्याकडून न्हाणीच्या दगडालाही टाकी लावून घ्यायचात, पाय ठरावा म्हणून. त्या बाईलासुद्धा तेव्हा हसू आवरायचं नाही.

हे सगळं तुम्ही परसाकडचं दार सताड उघडं टाकून करायचात, तेच मला नको व्हायचं. विहिरीवर येणारी जाणारी माणसं गडग्यापाशी थांबत, आज इथे शाळा भरली का म्हणून विचारीत. तुम्ही आतूनच सांगायचात की ही विद्यार्थीण तुमच्या पोरांपेक्षा बरी, एकदा शिकवलं की आठवडाभर लक्षात ठेवते. लोक हसत, तुम्हीही हसायचात, आणि मी गोठ्याच्या आडोशाला कानकोंडा होऊन उभा राहायचो. माझे सोबती तुमच्याच वर्गात होते. मास्तरांच्या नखांत शेवाळ असतं, हे त्यांनी मला ऐकवून झालं होतं.

एका शनिवारी मी हळूच ते दार ओढून घेतलं. तुम्ही ओरडला नाहीत.

"दार उघड, उजेड लागतो," म्हणालात. मग मान न वळवता, "आणि लाज वाटत असेल तर तळ्यावर जात जा आंघोळीला."

मी रागाने खरंच गेलो तळ्यावर. पण थंडीचे दिवस होते, तो ताठा काही फार टिकला नाही. परत आलो त्या सकाळी तुम्ही घंगाळात ऊन पाणी ओतलंत. त्यावरून पुढे कधी टोमणादेखील मारला नाहीत.

आता मी ठाण्याला असतो, मिठाच्या कचेरीत कारकून आहे. तुम्ही न पाहिलेल्या तुमच्या सुनेला सातवा महिना लागला आहे. तिला माहेरी आई नाही, म्हणून बाळंतपण इथेच व्हायचं आहे. अंगण आणि न्हाणी बघायला कळव्याची एक बाई खाडी ओलांडून येते, पण दिवाळीच्या तोंडाशी तिच्या शेतात भातकापणी सुरू झाली आणि तिचं येणं थांबलं. बघता बघता दगड हिरवा झाला. एका सकाळी न्हाणीतून धातूचा मोठा आवाज आला. धावत गेलो तर ही घंगाळाचा काठ दोन्ही हातांनी धरून अर्धवट वाकलेली. पडली नव्हती, पण तिच्या ओठांचा रंग उडाला होता. मला तेव्हा आईचा पाय दिसला, तात्या.

नरकचतुर्दशीच्या आदल्या दिवशी, पाणी भरायचं असतं त्या दिवशी, मी न्हाणी घासायला घेतली. परसाकडच्या दाराला कडी घातली, खिडकीवर पंचा टाकला आणि चोरासारखा आत बसलो. राख, करवंटी, काथ्या, सगळं तुमचंच. हाताला सवय नव्हती, बोटं सोलली. हंडा आणि घंगाळ चिंचेने लख्ख केली, मोरी काढली, नवं पाणी भरलं. हिने हंड्याला झेंडूची माळ घातली, चुलाणापुढे रांगोळी काढली. दगडावर अनवाणी उभी राहून तिने पाय दाबून पाहिला आणि म्हणाली, आता भीती नाही. मला केवढं बरं वाटलं म्हणून सांगू.

संध्याकाळी आमच्या शिरस्तेदारांच्या घरच्या बाई फराळाचं घेऊन आल्या, बरोबर शिरस्तेदारही होते. बाई पाय धुवायला न्हाणीत गेल्या आणि तिथूनच त्यांनी हिला हाक मारली. आधी न्हाणीचं कौतुक केलं. मग हिच्या पोटाकडे बघून त्यांचा आवाज चढला. "अगं, अशा दिवसांत एवढं वाकून घासलंस? आणि हे घरात असून बघत बसले?"

ओसरीवर सगळं ऐकू येत होतं. शिरस्तेदार माझ्याकडे बघत होते. मी घासली, एवढे दोनच शब्द बोलायचे होते. मी सोललेली बोटं उपरण्यात लपवली. गरोदर बायकोला राबवणारा नवरा म्हणवून घेणं मला चाललं, तात्या. न्हाणी घासणारा म्हणवून घेणं नाही. आत ही थोडा वेळ माझी वाट बघत असावी. मग तिचा आवाज आला, "हो, मीच घासली. सण आहे ना."

पाहुणे गेल्यावर ती रागावली नाही. पानं वाढली, माझ्या बोटांना खोबरेल लावलं, आणि लावता लावता म्हणाली, "पुढच्या खेपेला मीच घासेन. खोटं बोलण्यापेक्षा ते सोपं जाईल मला."

मेल्याहून मेल्यासारखं झालं. तुम्ही असतात तर काय म्हणाला असतात, याचा विचार करत दिवाळी काढली. कुणी काही म्हणायला उरलेलं नाही, तुम्ही नाही, आई नाही, हे पत्र धाडायला पत्ता नाही. तरी तुम्हालाच लिहितोय, कारण आजची गोष्ट हिला सांगण्याचं धाडस माझ्यात नाही.

दगडावर पुन्हा बुळबुळीतपणा आला होता, उटण्याचा आणि तेलाचा. आज फटफटायच्या आधी उठून मी तो घासून काढला. ही उठली, न्हाणीत गेली आणि बाहेर आली ती हसतच. दिवाळीनंतर पहिल्यांदा अशी मनापासून हसली. म्हणाली, "माझी झोप मोडू नये म्हणून इतक्या लवकर उठलात?"

शेजारचं कुणी त्या वेळी परसाकडच्या विहिरीवर येत नाही, म्हणून उठलो होतो. मी तिला हो म्हणालो.