अर्धा कोयता

३ ऑक्टोबर
आज घट बसले. मी नाही बसवले! सासूबाईंनीच शेतातली माती आणली, धान्य पेरलं, माळ बांधली. मी चुलीपुढून हलले नाही. त्या एका शब्दाने बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं, भांडायची तयारी होती माझी.

देवीचं आणि माझं मार्चपासून बोलणं बंद आहे. ऊसतोड संपवून गावी परतत होतो. घाटात मागची ट्रॉली सुटली आणि उलटली. मी वाचले, खांद्यावर भागलं. नवरा गेला. ते असताना त्यांचं नाव कधी तोंडाने घेतलं नाही. इथे लिहिते — सोमेश्वर. सोमेश्वर.

ट्रॉली जोडणारी पिन निसटू नये म्हणून तिला खिट्टी लागते, ती नव्हती. ट्रॅक्टरवाल्या बजरंगने तार गुंडाळली होती. तार!

५ ऑक्टोबर
मुकादम राधाकिशन आला होता. दिवाळी झाली की टोळी निघणार. मी येते म्हणाले. त्याने आधी खुर्ची सरकवली, मग घसा खाकरला. माणसाला नाही म्हणायचं असलं की किती तयारी करावी लागते!

म्हणाला, "नवराबायको मिळून एक कोयता असतो, सत्यशीला. तू अर्धा कोयता हाईस. अर्धा कोयता नेऊन मी काय करू? जोडी आण, मग बघू."

चहा मात्र पूर्ण प्यायला. अर्धा नाही.

गेले नाही तर काय होणार ते मला ठाऊक आहे. आष्टीहून भाऊ दोनदा येऊन गेला. माहेरी चल म्हणतो, पुढचं पुढे बघू म्हणतो. पुढचं म्हणजे दुसरं स्थळ, हे न कळायला मी काही कुक्कुलं बाळ नाही. आणि त्या पुढच्यात तेजश्री कुठे बसते ते कुणीच सांगत नाही. माझी लेक पहिलीत आहे, आजीच्या कुशीत झोपते. हे घर मला सोडायचं नाही. मला कोयता येतो. सोमेश्वर स्वतः म्हणायचे, तुझी तोड माझ्यापेक्षा साफ आहे.

एक गोष्ट मात्र मुकादमाला सांगितली नाही. ट्रॉलीत मला चढता येत नाही. श्रावणात पाटोद्याच्या बाजाराला सगळ्या जणी ट्रॉलीतून निघाल्या. मी चाकावर पाय ठेवला आणि हातच गळाले. चप्पल विसरली म्हणून सांगितलं आणि घरी आले. चप्पल पायातच होती.

६ ऑक्टोबर
मुकादमाच्या शेडमागे रिकामी ट्रॉली उभी असते. गेले. फळीला हात लावला. परत आले.

८ ऑक्टोबर
आज चढले!

खरं तर तेजश्रीने चढवलं. सोबत म्हणून तिला नेलं होतं. ती माकडासारखी वर गेली आणि तिथे घर मांडलं. मला म्हणाली, जेवायला ये, भाकरी गार होईल. आता लेकीने केलेल्या मातीच्या भाकरीला नाही कसं म्हणायचं? डोळे मिटले, चढले, कोपऱ्यात बसले. घामाने पोलकं भिजलं. कानात तोच आवाज, भांड्यांचा, माणसांचा. ट्रॉली जागची हलत नव्हती आणि मी दोन्ही हातांनी फळी धरून बसले होते.

तेजश्री म्हणाली, "आई, नीट जेव ना. सांडायलीस."

मी जेवले. तोंडातून देवीचं नाव निघून गेलं. बोलणं बंद असताना! सवयीने निघालं असेल. पण निघालं खरं, आणि जरा बरं वाटलं हेही खरं.

९ ऑक्टोबर
आज एकटी बसले. शेडवरची पोरं हसली. हसू देत.

११ ऑक्टोबर, खंडेनवमी
आज कोयत्याची पूजा. दर वर्षी आम्ही दोघं मिळून करायचो. त्यांचा कोयता मार्चपासून माळ्यावर पडून, गंजलेला. सासूबाईंनी तो काढला, राखेने घासला आणि माझ्यापुढे ठेवला. मी म्हणाले, माझ्या हाताने नको, लोक काय म्हणतील.

"लोक येणार हायत का उसात?" त्या म्हणाल्या. "हात तुझा चालणार हाय. तूच पूज."

मी हळद लावली. मग रडले. मार्चपासून पहिल्यांदा मोकळी रडले, लाज न वाटता.

तेवढ्यात दारात विजयमाला. बजरंगची बायको! हातात तिचा कोयता. उंबऱ्याबाहेर उभी राहूनच बोलली. नवऱ्याला आता कुणी ट्रॅक्टरवर घेत नाही, तो घराबाहेर पडत नाही, तिलाही जोडी नाही.

"तू तोड, मी मोळ्या बांधते," म्हणाली. "न्हाई म्हणलीस तरी मी राग धरणार न्हाई."

मी तिला जा म्हणाले. त्याहून वाईट काही बोलले नाही, एवढंच.

सासूबाईंनी पूजेचं ताट उचलून देवापुढे ठेवलं. मग म्हणाल्या, "माझं पोरगं गेलं. तिचा नवरा असून नसल्यावाणी झालाय. माझं दुःख मोठं हाय, सत्यशीला. पण दुःख तिच्याबी घरात हाय."

त्या माउलीला हे कुठून सुचतं?

१२ ऑक्टोबर, दसरा
घटाचं धान चांगलं वीतभर वाढलंय. सासूबाईंनी त्यातले तुरे माझ्या केसांत खोवले. मी काढले नाहीत.

देवीशी बोलले. भांडलेच म्हणा ना. पण बोलले.

१९ ऑक्टोबर
विजयमालाला बोलावलं. दोघींनी मिळून आमची बाजरी काढली. मी कापत गेले, ती मागून पेंढ्या बांधत आली. चांगला हात आहे तिचा, आणि बडबड नाही.

जाताना तिच्या घरावरून गेले. बजरंग ओट्यावर होता. मला बघून उठून उभा राहिला, मान खाली.

म्हणाला, "वयनी, खिट्टी हरवली व्हती. मुकादम म्हणला चल तसाच. पण तार मी गुंडाळली. हात माझा हाय."

मी पुढे चालू लागले. त्याने ते मुकादमावर ढकललं नाही, हे मात्र घरी येईपर्यंत मनात घोळत राहिलं. राग आहेच. पण आता तो माझ्या ताब्यात आहे, मी त्याच्या नाही.

४ नोव्हेंबर
राधाकिशनपुढे विजयमालाला उभी केली. जोडी आण म्हणालात, आणली. तो हसला. दोन बायांचा कोयता कुठं असतो का म्हणाला. मी म्हणाले, आमच्या रानातली कापणी आणि बाजरीच्या पेंढ्या बघून या. गेला, बघून आला, आणि डोकं खाजवत हो म्हणाला!

मग मी माझी एक अट सांगितली. ती ऐकून त्याने चहाचा कप खाली ठेवला. आज चहा अर्धाच राहिला.

११ नोव्हेंबर
निघालो. तेजश्री आजीजवळ राहिली, रडली, मग हात हलवला. मागच्या ट्रॉलीत बसून लिहितेय, म्हणून अक्षर नाचतंय. विजयमाला शेजारी आहे.

ट्रॅक्टर बजरंग चालवतोय. तीच माझी अट होती; हात माझा म्हणणारा माणूस पुन्हा तार गुंडाळणार नाही. पिन मात्र मी बसवली, आणि खिट्टी माझ्या हाताने ठोकली.