दोराच्या टोकाची गाठ

१८ मे
आलो एकदाचा! नेब्रास्काहून दोन दिवस गाडी हाणत आलो, पाठीचे बारा वाजलेत, पण खिडकीतून नदी दिसते म्हटल्यावर सगळं माफ. घर म्हणजे खुराडं आहे. गॅरेज मात्र ऐसपैस, आणि मला गॅरेजच हवं होतं. आल्या आल्या जेवणाच्या टेबलावर नकाशे पसरले, त्यामुळे जेवलो उभ्यानंच.

चाळीस दिवस, तीन राज्यं, नऊ नद्या. आधी इथली मॅडिसन, मग बिग होल, मग आयडाहो, शेवटी ओरेगनची डेशूट्स. प्रत्येक राज्याचा परवाना वेगळा. सीमेवर होडीला दुसऱ्या पाण्यातले शिंपले चिकटलेत का ते तपासतात, त्याचा अर्धा दिवस धरलाय. मासे भुलवायला गळाला लावायच्या पिसांच्या खोट्या माश्या मी हिवाळाभर बसून बांधल्यात, पाचशेच्या वर. एकतीस वर्षं शाळेची बस चालवणाऱ्या माणसाला वेळापत्रकाचं काय शिकवायचं!

ब्रिटा चौदा जूनला येतेय. माझी लेक, सहा वर्षांनी. तिची आई दवाखान्यात शेवटच्या घटका मोजत होती तेव्हा मी नदीवर होतो, फोन गाडीत टाकून. पोरीनं ते माफ केलं नाही. मी तरी कुठे केलंय? ती म्हणाली, “एकदाच येईन, बाबा. परत विचारू नका.” एकदा तर एकदा.

२१ मे
होडी मिळाली! डेल आमुंडसन नावाच्या म्हाताऱ्यानं स्वतःच्या हातानं बांधलेली, हिरवी, लाकडी. दोन्ही टोकं वर उचललेली, तळ सपाट. वल्हवणाऱ्यानं नुसती आवरायची, बाकी नदीच नेते. पुढच्या सीटवर ब्रिटा बसेल आणि गळ टाकेल. वल्ह्यांवर मी.

ट्रेलर जोडताना म्हाताऱ्यानं तीन वेळा बजावलं की नांगराच्या दोराच्या टोकाला गाठ नको. मी म्हटलं, काका, हे पहिल्याच दिवशी शिकलोय. नांगर मागच्या बाजूला लोंबतो. जोराच्या पाण्यात चुकून सुटला तर होडी शेपटीला धरल्यासारखी जागच्या जागी अडकते, मागून पाणी चढतं आणि खेळ खलास. टोक मोकळं असलं तर दोर कप्पीतून सरसर निघून जातो, नांगर गेला तरी माणूस वाचतो. नवशिके नांगर हरवू नये म्हणून गाठ मारतात, गाढव कुठले. तरी तो म्हणाला, रोज बघत जा. होडी हातातून गेली तरी चेहऱ्यावर सुटका झाल्याचा भाव. विचित्र म्हातारा.

२६ मे
पहिली फेरी एकट्यानं मारली. होडी लोण्यासारखी चालते. गाडीची किल्ली टायरवर ठेवायची, व्हर्ना ती घेऊन गाडी खालच्या घाटावर नेऊन लावते. सगळ्या गावाच्या गाड्या हीच बाई पोचवते, आणि सगळ्या गावाच्या खबरीही. मला ‘बसवाल्या’ म्हणते.

घरी आल्यावर दोराच्या टोकाला गाठ दिसली. इंग्रजी आठच्या आकड्यासारखी, घट्ट, सुबक. माझ्याच हातून सवयीनं पडली असेल. सोडून टाकली.

२९ मे
परत गाठ. व्हर्नाला विचारलं तर भडकलीच. “ए बसवाल्या, गाडी न्यायची, गाडी आणायची. तुझ्या होडीचे लाड करायला मला वेळ आहे होय?” मग आवाज खाली आणून म्हणाली, डेलनं आयरिसचं सांगितलं नाही वाटतं तुला?

आयरिस त्याची बायको. चार वर्षांपूर्वी तो वल्ह्यांवर, ती पुढच्या सीटवर. इथून खाली कड्यांमधल्या अरुंद पाण्यात नांगर सुटला. दोराला गाठ होती, आयरिस बुडाली. अर्ध्या गावाला गाठ मारू नका म्हणून शिकवणारा माणूस! डेल आजही शपथेवर सांगतो, मी मारली नव्हती.

२ जून
दोर नवा आणला. टोक लायटरनं वितळवून गुळगुळीत केलं. गॅरेजला कुलूप, किल्ली माझ्या गळ्यात. सकाळी उघडलं तर गाठ. ओली होती. होडी तीन दिवस कोरडी उभी आहे.

नांगरच कचऱ्यात फेकून दिला. गाठ मार म्हणावं आता, काय मारायची ती.

५ जून
ब्रिटाला फोन केला. सहल पुढे ढकलू, होडीत जरा बिघाड आहे, असं काहीबाही सांगितलं. ती हसली. कोरडं हसली. “माहीत होतं मला. आईसुद्धा अशीच दाराकडे बघत होती.”

अर्ध्या तासानं मीच परत फोन केला आणि म्हटलं, ये, सगळं ठीक आहे. दुसरं काय म्हणणार? ही सहल मोडली तर मला पोर उरणार नाही.

७ जून
दोन्ही तळहातांवर लाल वळ. आडवे. दोर आवळून धरल्यासारखे. काल दिवसभर मी नकाशे बघितले आणि सँडविच खाल्लं, बस्स.

गाठ मीच मारतोय?

८ जून
डेलकडे गेलो. त्यानं ‘ये’ म्हणायच्या आधी माझे तळहात बघितले आणि पायरीवर मटकन बसला. त्यालाही होते, तसेच. मला होडी दिली त्या दिवशी गेले. म्हणाला, मला वाटलं माझंच डोकं फिरलंय. रडत होता. मी त्याला नाही नाही ते बोललो. जाळून टाक ती, म्हणाला.

१० जून
रॉकेल आणलं. गॅरेजपर्यंत गेलो. तेवढ्यात ब्रिटाचा फोटो आला, गाडीच्या टपावर गळ बांधलेले. सुट्टी लवकर मिळाली, निघालेय, परवा पोचते.

जाळू कशी? दुसरी होडी मोसमात मिळत नाही. चार ठिकाणी विचारलं.

हात माझे आहेत. माझेच हात होडीपासून लांब ठेवायचे. मी होडीत बसलोच नाही तर—

१२ जून
आली. दारातच मिठी मारली. रडलो मी, लाज नाही वाटली.

खरं काय सांगणार तिला? खांदा दुखतोय म्हटलं. वल्ही तुझी, होडी आजपासून तुझीच समज. खूश झाली. लहानपणीही माझ्यापेक्षा चांगली वल्हवायची. उद्या तिची एकटीची सराव फेरी. मी गाडी घेऊन खालच्या घाटावर थांबेन. होडीला बोटसुद्धा लावणार नाही.

तिनं भेट आणलीय. नवाकोरा नांगर. “नांगराशिवाय कोण जातं, बाबा?” नको म्हटलं. खूप सांगितलं. तिचा चेहरा पडला, मग ‘बरं, लाव’ म्हटलं.

१३ जून, खालचा घाट
नऊला निघाली. दोराचं टोक निघताना मोकळं होतं. दोनदा बघितलं, हात न लावता. अकरापर्यंत यायला हवी. गाडीत बसून लिहितोय.

वळ गेले! आत्ता बघितलं. दोन्ही हात स्वच्छ. देवा, सुटलो. संध्याकाळी तिला सगळं सांगेन, हसेल ती मला.

११.२०. अजून नाही.

डेलचे कधी गेले होते? मला होडी दिली त्या दिवशी.

मग माझे—

तुझीच समज म्हणालो. मीच म्हणालो.

सकाळी ती तळहात चोळत होती. आग होतेय म्हणाली. प्रवासात स्टिअरिंग धरून झालं असेल म्हणाली. मी मलम दिलं. मलम दिलं मी—

दिसली. वर, कड्यांमधून बाहेर येतेय. वल्ही मारतेय. हात हलवला तिनं. बरी आहे. बरी आहे

थांबली

एवढ्या पाण्यात होडी थांबते कशी— मागचं टोक खाली— ब्रिटा, दोर काप, दोर